त्याला ढोल वाजवू द्या

अमेरिकेतल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून आणि थोडं आखडून इथे देते.

"ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. लग्न झाल्या झाल्या इकडे आलो, वीस वर्षं होत आली. एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची, ऑगस्टपासून अकरावीत जाईल. एप्रिलमध्ये तिने माझ्या लॅपटॉपवर एक लांबलचक पत्र लिहून ठेवलं. म्हणते, मी मुलगी नाही, मुलगा आहे, कळायला लागल्यापासून असंच वाटतंय. स्वतःसाठी नावही ठरवलंय. मिस्टर तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांचं म्हणणं, हे इथल्या हवेचं खूळ आहे, उद्या ऑपरेशन करून बसेल; त्यापेक्षा दोन वर्षं साताऱ्याला आजीकडे ठेवू, बारावी तिकडेच होऊ दे. पुण्यातल्या कुणा डॉक्टरांचं नावही त्यांना मिळालंय, ते म्हणे 'सरळ' करतात. मला उलट वाटतं की न्यू जर्सीला जावं, बहीण एडिसनला असते. पण मिस्टर एच-वनबी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. टेक्सासमध्ये मुलाला असं वागू दिलं तर आईबापांवर केस होते, हेही कानावर आलंय. दरवर्षी मंडळाच्या गणपतीत ती नऊवारी नेसून लेझीम खेळते. यंदा म्हणते, कुर्ता घालून ढोल वाजवीन, नाहीतर येणारच नाही. लोकांना काय सांगू? सासूबाईंना काय सांगू? रात्र रात्र डोळा लागत नाही."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात 'ती' आहे, माझ्या उत्तरात 'तो' असेल. त्याने तुम्हाला जे सांगितलं ते खरं धरूनच मला पुढचं बोलता येईल.

आधी केसचं बोलू, कारण तुमची झोप त्या भीतीने उडवली आहे. तुम्ही जे ऐकलं त्याचं मूळ फेब्रुवारी २०२२ मधलं आहे. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी राज्याच्या बालसंरक्षण खात्याला लिहिलं, की अल्पवयीन मुलांवर लिंगबदलाचे वैद्यकीय उपचार होत असतील तर तो मुलाचा छळ समजून चौकशी करा. काही घरांत खरोखर अधिकारी जाऊन धडकले. पालक कोर्टात गेले, पीफ्लॅग ही अशा मुलांच्या पालकांचीच संघटना त्यांच्यासोबत गेली, आणि त्यांना मनाईहुकूम मिळाले. पुढे सप्टेंबर २०२३ पासून एसबी १४ हा कायदा लागू झाला. अठराच्या आतल्या मुलाला लिंगबदलासाठी वयात येणं लांबवणारी औषधं, हार्मोन्स किंवा शस्त्रक्रिया, काहीही देता येत नाही. त्यात बडगा आहे तो डॉक्टरवर, त्याचा परवाना जातो. आईबापांवर फौजदारी गुन्हा त्यात नाही.

आणि हे सगळं औषधोपचारांपुरतं आहे. घरात मुलाला कुठल्या नावाने हाक मारायची, त्याने केस किती कापायचे, साडी नेसायची की कुर्ता घालायचा, यात टेक्सासचा कायदा हात घालत नाही. तरी मनात खुटखुट राहिली, तर लॅम्डा लीगल किंवा एसीएलयूच्या टेक्सास शाखेला लिहा; दोन्ही लोकांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्था आहेत. असे प्रश्न त्यांच्याकडे रोज येतात.

शाळेचं मात्र अवघड झालं आहे, हे तुम्हाला ठाऊक हवं. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एसबी १२ ने सरकारी शाळांमधले एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मुलांचे क्लब बंद केले आणि निवडलेल्या नावाने हाक मारण्यासारखी मदत करायलाही शिक्षकांना मज्जाव केला. त्याविरुद्ध खटला चालू आहे. त्याच वर्षी स्वच्छतागृहांचा कायदा आला: सरकारी शाळेत जन्मनोंदीतल्या लिंगाप्रमाणेच जायचं. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की तू शाळेत दिवसभर पाणी पितोस का? अशी बरीच मुलं संडासला जावं लागू नये म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत, आणि मग पोटात दुखतं, लघवीला जळजळ होते. शाळेच्या नर्सकडे बहुधा एकट्याने वापरायचं स्वच्छतागृह असतं. ते त्याला वापरू द्या, एवढी विनंती पालक म्हणून तुम्ही करू शकता. त्यासाठी सगळी कहाणी सांगावी लागत नाही.

आता मिस्टरांच्या धास्तीबद्दल. अठरापर्यंत टेक्सासमध्ये कुठलाही डॉक्टर त्याला यासाठी साधं इंजेक्शनही देऊ शकत नाही, ऑपरेशन तर लांबच राहिलं. मला स्वतःला हा कायदा चुकीचा वाटतो; मूल, आईबाप आणि डॉक्टर यांनी मिळून करायचा विचार विधिमंडळाने त्यांच्या हातून काढून घेतला. डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत हेही खरं, ते तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना या उपचारांच्या पाठीशी आहे. इंग्लंडमध्ये २०२४ च्या कॅस अहवालाने पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याची अशीच बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी कायम केली, आणि आज पंचवीसहून जास्त राज्यांत ती आहे. पण यातलं काहीच आत्ता तुमच्या दारात उभं नाही. तुमच्या मुलाने मागितलंय काय? एक नाव, एक कुर्ता आणि ढोल. उद्या त्याचं मत बदललंच, तर यातलं काय परत घेता येणार नाही?

'इथल्या हवेचं खूळ' या म्हणण्यावर मी जरा थांबणार आहे, कारण साताऱ्याचा बेत त्याच्यावरच उभा आहे.

अमेरिकेची हवा अशा लोकांना कधीच मानवली नव्हती, आणि तरी ती माणसं होती. तुमच्याच राज्यातल्या फिलिस फ्राय यांचं बघा. १९४८ साली सॅन अँटोनियोत मुलगा म्हणून जन्म, टेक्सास ए अँड एममधून सिव्हिल इंजिनियर, सैन्यात अधिकारी. स्त्री म्हणून जगायला लागल्यावर त्यांना इंजिनियरची नोकरी कुणी देईना. मग त्या ह्यूस्टनला कायदा शिकल्या. त्या वेळी ह्यूस्टन शहराचा एक नियम होता: दुसऱ्या लिंगाचे कपडे घालून रस्त्यावर दिसलं तर अटक. म्हणजे साडीचोळीत, आपलं, स्कर्ट-ब्लाउजमध्ये कॉलेजला जाताना त्यांना रोज धरलं जाण्याची भीती. त्यांनी नगरपालिकेच्या मागे लागून १९८० मध्ये तो नियम रद्द करवला. आणि २०१० मध्ये त्याच ह्यूस्टनच्या महापौरांनी त्यांना शहराच्या न्यायालयात न्यायाधीश नेमलं. त्या महापौर ॲनिस पार्कर स्वतः समलिंगी. हे कॅलिफोर्नियात घडलेलं नाही. तुमच्यापासून गाडीने चार तासांवर घडलं आहे.

आपल्याकडचंही सांगते. बिंदुमाधव खिरे सॅन फ्रान्सिस्कोत सॉफ्टवेअरमध्ये होते. ते पुण्याला परतले आणि २००२ मध्ये त्यांनी अशा लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला. तिथे मदत मागायला आली ती अमेरिका न बघितलेली मुलं-मुलीच, पुण्यातली आणि आसपासच्या गावांतली. मुंबईत याच कामाचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य केले आणि २०१८ मध्ये कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले. हे खटले लढणारी माणसं आपल्याच देशातली होती. तुमचं लेकरू साताऱ्यात जन्मलं असतं तरी असंच असतं. फक्त लॅपटॉपवर पत्र लिहून ठेवण्याइतका भरवसा त्याला वाटला असता की नाही, हे मला माहीत नाही. त्याला तुमच्याबद्दल तो वाटला, याची नोंद घ्या.

म्हणून साताऱ्याला पाठवू नका. सासूबाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या शाळेतून आणि मित्रांतून उचलून दुसऱ्या देशात ठेवलं, की तो एकच अर्थ काढेल: मी जसा आहे तसा आईबाबांना घरात नकोय. आणि पुण्यातल्या त्या डॉक्टरांकडे तर मुळीच नेऊ नका. समलिंगी किंवा ट्रान्स माणसाला 'सरळ' करण्याचा कसलाही उपचार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे प्रयत्न करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जो डॉक्टर आजही ते करतो, तो आपल्याच परिषदेचा नियम मोडून तुमच्याकडून फी घेतो आहे.

न्यू जर्सीचा तुमचा विचार मायेचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. त्या राज्याने भेदभावविरोधी कायद्यात लिंगओळख २००६ मध्येच घातली. तिथल्या शाळेत तुमच्या मुलाला टेक्सासपेक्षा मोकळा श्वास घेता येईल. पण हिशेब पूर्ण मांडा. इतकी वर्षं एच-वनबीवर आहात म्हणजे आय-१४०, ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर झालेला असणार. तेव्हा प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा, कुठे जात नाही. मात्र कंपनी तीच राहिली तरी कामाचं शहर बदललं की एच-वनबीची दुरुस्ती भरावी लागते, आणि पर्म, म्हणजे त्या नोकरीसाठी श्रमखात्याची मंजुरी, डॅलसच्या जागेसाठी झालेलं असेल तर न्यू जर्सीसाठी ते नव्याने करावं लागू शकतं. इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय घराला 'फॉर सेल'ची पाटी लावू नका.

शिवाय राज्य बदललं की सगळं सुटलं, अशी आज अमेरिकेची स्थिती नाही. २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी हुकूम काढला की केंद्र सरकारच्या लेखी लिंगं दोनच आणि तीही जन्मावेळची. त्यानंतर पासपोर्टवरची लिंगाची नोंद बदलून मिळणं बंद झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालू असताना का होईना, ते धोरण लागू ठेवू दिलं. हे न्यू जर्सीच्या मुलालाही तितकंच लागू. ट्रान्स सैनिकांना सैन्यातून काढण्याचं धोरणही त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने राबवू दिलं. लॉस एंजेलिसच्या मोठ्या बालरुग्णालयाने आपलं ट्रान्स मुलांचं केंद्र जुलै २०२५ मध्ये बंद केलं, तेही कॅलिफोर्नियात, जिथे राज्याची कसलीच बंदी नव्हती. केंद्राचा पैसा बंद होण्याच्या भीतीने दवाखान्यांनी हात आखडले.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल. म्हणून जे टिकून आहे तेही सांगते, कारण तुमच्या मुलाचं पुढचं आयुष्य त्यावर चालणार आहे.

मिशिगनमध्ये एमी स्टीफन्स नावाच्या बाई अंत्यविधीच्या व्यवसायात काम करायच्या. २०१३ मध्ये त्यांनी मालकाला कळवलं की यापुढे मी स्त्री म्हणून कामावर येईन. मालकाने काढून टाकलं. सात वर्षं लढा चालला. निकाल जून २०२० मध्ये लागला, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्या वारल्या. ट्रान्स किंवा समलिंगी आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढणं देशभर बेकायदा ठरलं, आणि तो निकाल लिहिला ट्रम्प यांनीच नेमलेल्या नील गॉर्सच या न्यायमूर्तींनी. तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हा त्याला या निकालाचा आधार असेल, मग तो डॅलसमध्ये असो की डेट्रॉइटमध्ये. समलिंगी विवाहाचा २०१५ चा निकाल फिरवा अशी मागणी नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आली, न्यायालयाने ती ऐकायलाही घेतली नाही. डेलावेअरच्या मतदारांनी २०२४ मध्ये सारा मॅकब्राइड यांना निवडून दिलं. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, बसलेल्या त्या पहिल्या उघडपणे ट्रान्स सदस्य. दोन पावलं पुढे, एक मागे, कधी एक पुढे आणि दोन मागे, असं या देशाचं चाललं आहे. ते थांबून स्थिर होईल आणि मग आपण मुलाला नाव देऊ, असं म्हणून चालणार नाही. तो आत्ता सोळा वर्षांचा आहे.

तुमच्या हातात एक सोपा रस्ता आहे, तो मिस्टरांशी बोला. दोन वर्षांत तो कॉलेजला जाणार. तेव्हा अठरा पूर्ण झालेली असतील, आणि वैद्यकीय निर्णय कायद्यानेच त्याचे होतील. अर्ज करताना टेक्सासच्या विद्यापीठांबरोबर इलिनॉय, मिनेसोटा, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सीही यादीत असू द्या. इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी फीवर पाणी सोडावं लागेल, ते लहान नाही, हे मला समजतं. त्याची तजवीज आजपासून करायला घेतली, तर घर, नोकरी, ग्रीन कार्डची रांग काहीच हलवावं लागणार नाही. तुम्ही असं काही ठरवताय हे त्याला कळू द्या. पुढे एक तारीख दिसली की अशा मुलांना मधले महिने काढता येतात.

आता घराकडे येते, कारण खरा प्रश्न मला तिथे दिसतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठात केटलिन रायन यांनी कुटुंबं आणि त्यांची समलिंगी-उभयलिंगी मुलं यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. २००९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की ज्या मुलांना घरच्यांनी मोठ्या प्रमाणावर झिडकारलं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण फारसं न झिडकारलेल्या मुलांपेक्षा आठ पटींहून जास्त होतं. झिडकारणं म्हणजे घराबाहेर काढणंच असं नाही. बोलणं टाकणं, मित्रांना भेटू न देणं, 'लोकांत असं दिसू नकोस' म्हणणं हे सगळं त्यात येतं. ट्रेव्हर प्रोजेक्ट या अशा मुलांसाठीच्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ट्रान्स आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त मुलगा किंवा फक्त मुलगी न मानणाऱ्या) तरुण मुलांपैकी ४६ टक्क्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार गंभीरपणे मनात आला. तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. मिस्टर चार महिने मुलाशी फक्त कामापुरतं बोलत आहेत, आणि तो ते मोजतो आहे, म्हणून लिहिते.

त्याला सरळ विचारा: "कधी जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. तो हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शस्त्र असेल तर तेही कुलपात ठेवा, आणि ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्या लाइनवर अशा मुलांसाठी तीन नंबर दाबायची वेगळी सोय होती, ती सरकारने जुलै २०२५ मध्ये बंद केली. ट्रेव्हर प्रोजेक्टची स्वतःची लाइन चालू आहे: १-८६६-४८८-७३८६. हा नंबर त्याच्या फोनमध्येही असू द्या.

पीफ्लॅगचं नाव वर आलं. ती कशी सुरू झाली ते मिस्टरांनी ऐकावं असं मला वाटतं. न्यू यॉर्कच्या क्वीन्समधल्या एक शाळाशिक्षिका, जीन मॅनफर्ड. १९७२ मध्ये त्यांचा मुलगा मॉर्टी एका निदर्शनात मार खाऊन आला, आणि पोलीस बघत उभे होते. बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून स्वतःच्या नावानिशी सांगितलं की माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. त्याच जूनमध्ये समलिंगींच्या मोर्चात त्या त्याच्या शेजारून चालल्या, हातात पाटी: अशा मुलांच्या आईबापांनो, मुलांच्या पाठीशी एकत्र उभे राहा. रस्त्याच्या कडेची तरुण मुलं धावत येऊन त्यांना विनवत होती, आमच्या आईशी बोला ना. पुढच्या मार्चमध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या एका चर्चमध्ये पहिली बैठक झाली, वीसेक माणसं आली. त्या काळी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत समलैंगिकता अजून आजार म्हणून नोंदलेली होती. ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघाली. मॅनफर्डबाई कायदा बदलण्याची वाट बघत बसल्या असत्या, तर मॉर्टी त्या मोर्चात एकटाच चालला असता.

आपल्या माणसांशी आपल्या पद्धतीने बोलायचं असेल तर देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज ही अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई पालकांची संस्था आहे. न्यू जर्सीच्या अरुणा राव यांनी ती सुरू केली, त्या स्वतः एका ट्रान्स लेकराच्या आई. पालकांच्या ऑनलाइन बैठका होतात. तिथे 'लोक काय म्हणतील' हे समजावून सांगावं लागत नाही, सगळ्यांच्या घरी तीच चर्चा झालेली असते. मिस्टर बोलणार नसतील तर नुसते ऐकायला बसू देत. दुसरे बाबा काय बोलतात ते ऐकण्याने जे होतं, ते बायकोच्या समजावण्याने होत नाही.

घरात आलास म्हणायचं की आलीस, हा प्रश्न तुम्हाला रोज पडत असणार. आलास म्हणा. चुकाल, तेव्हा लगेच दुरुस्त करा आणि पुढे बोला. रडून माफी मागत बसलात तर त्यालाच तुमची समजूत घालावी लागते. कागदोपत्री नाव बदलायची घाई नको. टेक्सासमध्ये अल्पवयीन मुलाचं नाव बदलण्यासाठी पालकांनी कोर्टात अर्ज करायचा असतो, दहा वर्षांवरच्या मुलाची लेखी संमती लागते, आणि मग लायसन्स, पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) सगळीकडे ते नाव चढवावं लागतं. लायसन्सवरचं लिंग मात्र २०२४ पासून टेक्सास बदलून देत नाही. नव्या नावाचं लायसन्स आणि जुन्या लिंगाची नोंद, हे त्याला चालेल का ते त्यालाच ठरवू द्या.

सासूबाईंचं. आधी त्याला विचारा, आजीला सांगायचं का, कधी, आणि कोणी. ही त्याची गोष्ट आहे, त्याच्या परवानगीशिवाय बहिणीलाही सांगू नका. तो हो म्हणाला तर मिस्टरांनी सांगावं, तेही रविवारच्या व्हिडिओ कॉलवर काका-काकू, पोरंबाळं सगळी मागे फिरत असताना नाही. आई एकट्या असताना, फोनवर, मराठीत, थोडक्यात. एकदम पटणार नाही. म्हाताऱ्या माणसांना पटण्याआधी राग येतो तो बहुतेक वेळा बाहेरून कळल्याचा, आणि तो टाळणं तुमच्या हातात आहे.

आणि गणपती. याचं उत्तर तुम्ही समजता त्यापेक्षा खूप सोपं आहे. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत मुली आता सर्रास ढोल वाजवतात. कमरेला करकचून ढोल बांधलेला, अंगात पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, हातात टिपरू. पथकाचा पोशाख सगळ्यांना एकच असतो. म्हणजे तुमचा मुलगा कुर्ता घालून ढोल वाजवताना दिसला तर मंडळात कुणाला काही सांगावं लागणारच नाही. कुणी विचारलंच, "यंदा लेझीम नाही का?" तर "नाही, यंदा ढोल," एवढं पुरे. बाकीचं जेव्हा त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल. नऊवारी नेसून लेझीम खेळताना इतकी वर्षं त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार आपण केला नव्हता. तरीही त्याला गणपतीला यायचंय, मंडळात यायचंय, मिरवणुकीत वाजवायचंय. हे मूल आपल्या माणसांपासून दूर जायला निघालेलं नाही.

फक्त एक काळजी घ्या. छाती सपाट दिसावी म्हणून ही मुलं बाइंडर नावाचं घट्ट बनियन घालतात. तो वापरत असेल तर योग्य मापाचं, चांगल्या बनावटीचं घेऊन द्या. लवचीक बँडेज कधीही गुंडाळू देऊ नका, त्याने बरगड्यांना इजा होते. आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नको, आणि अंगमेहनत करताना तर नकोच. टेक्सासच्या सप्टेंबरच्या उन्हात बाइंडर घालून ढोल वाजवला तर चक्कर येऊन पडेल. त्या दिवशी सैल कुर्ता आणि आत स्पोर्ट्स ब्रा चालेल का, असं त्यालाच विचारा. हा प्रश्न आईने विचारला, यानेच त्याला केवढं हायसं वाटेल.

पथकाचा सराव गणपतीच्या बराच आधी सुरू होतो, तेव्हा नाव लगेच नोंदवा. सरावाला गाडीतून सोडायला मिस्टरांना पाठवा. जाता-येता दोघं गाडीत गप्प बसली तरी चालेल. आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांना माझ्याशी वाद घालायचा असेल तर त्यांनी स्वतः लिहावं, मी त्यांनाही उत्तर देईन.